शीतयंत्राचे दत्तकविधान

(ग्रंथालयाच्या शताब्दी-वर्षानिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत मला बोलावणे आले तेव्हा मी संतसाहित्यावर बोलेन, फार तर माळव्यातील मराठी बोलीवर बोलेन, अशी आपली अपेक्षा असणार. तीस वर्षे वर्गात मराठी शिकवणाऱ्या माणसाकडून ती रास्तच आहे. परंतु निमंत्रण देण्यासाठी चिटणीस सांवेरला आमच्या घरी आले, तेव्हा चहा घेता घेता त्यांनी एक अडचण सांगितली. आपल्या दुर्मिळ ग्रंथांच्या खोलीत दोन जुनी वातानुकूलन यंत्रे आहेत. त्यांपैकी एकातला गॅस गेला आहे. एक मेकॅनिक म्हणतो, जुना गॅस महाग झाला, नवा भरून टाकू. दुसरा म्हणतो, यंत्रच भंगारात काढा. मंडळात यावर दोन बैठका झाल्या आणि निर्णय झाला नाही. चिटणीसांनी हे सहज सांगितले. पण आमच्या घरात या प्रश्नाला एक इतिहास आहे, आणि तो सहज सांगण्याजोगा नाही. म्हणून मी त्यांना म्हणालो, मी याच विषयावर बोलतो. त्यांनी थोडे आश्चर्याने, परंतु मोठ्या मनाने, होकार दिला.

मी शास्त्रज्ञ नाही. जे सांगणार आहे ते वाचून, विचारून आणि काही अंशी भोगून मिळवलेले आहे. ज्याचे जळते त्यालाच कळते, ही म्हण माझ्या बाबतीत अक्षरशः खरी ठरली आहे. ती कशी, हे पुढे येईलच.

प्रथम थंडावा म्हणजे काय, ते पाहू. आपल्या प्रत्येकाच्या घरी एक शीतयंत्र पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहे. ते म्हणजे माठ. माठाच्या अंगातून पाणी पाझरते, वाऱ्याने त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते पाणी आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. खिडकीला लावलेली वाळ्याची ताटी हेच काम करी. द्रवाचा वायू होताना तो भोवतालची उष्णता शोषून घेतो, हे एवढेच तत्त्व. माठातले पाणी हवेत निघून जाते, परत येत नाही. शीतयंत्राने काय केले, तर निघून जाणाऱ्या वाफेला नळीत कोंडले, कॉम्प्रेसरने दाबून तिचा पुन्हा द्रव केला, त्या वेळी निघणारी उष्णता घराबाहेर टाकली, आणि तोच द्रव पुन्हा आत पाठवला. असा जो पदार्थ अखंड येरझारा घालतो त्याला शीतक म्हणतात. बाजारात त्याला सरसकट ‘गॅस’ म्हणतात, आणि त्या एका शब्दाने पुष्कळ घोटाळा केला आहे. कारण गॅस म्हटला की सगळे गॅस एकसारखेच वाटू लागतात.

शीतकांना क्रमांक असतात. त्यांची रीत भाषेच्या माणसाला आवडावी अशी आहे; ती व्याकरणासारखीच नियमबद्ध आहे. आर-२२ या क्रमांकातला शेवटचा अंक फ्लोरिनचे अणू सांगतो. त्याआधीचा अंक हायड्रोजनच्या अणूंपेक्षा एकाने अधिक असतो. आणि शतकस्थानचा अंक कार्बनच्या अणूंपेक्षा एकाने कमी. म्हणजे आर-२२ मध्ये फ्लोरिन दोन, हायड्रोजन एक, कार्बन एक. उरलेली जागा क्लोरिनची. निसर्गातल्या साध्या पदार्थांसाठी सातशेत रेणुभार मिळवतात. अमोनियाचा भार १७, म्हणून तो आर-७१७. पाण्याचा भार १८, म्हणून पाणी आर-७१८. तेव्हा आपला माठ आर-७१८ वर चालतो, असे म्हणायला हरकत नाही.

आता थोडा इतिहास. यंत्राने बर्फ होण्यापूर्वी तो जहाजाने येत असे. १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडर या अमेरिकन व्यापाऱ्याने बॉस्टनहून बर्फाने भरलेले ‘टस्कनी’ जहाज कलकत्त्यास धाडले. चार महिन्यांच्या प्रवासात पुष्कळसा बर्फ वितळला, तरी उरलेल्यावर व्यापार उभा राहिला, आणि पुढे मुंबई व मद्रास येथेही बर्फघरे झाली. मग यंत्रे आली. १८७० च्या दशकात जर्मनीत कार्ल फॉन लिंडे यांनी अमोनियावर चालणारे यंत्र सिद्ध केले. अमोनियाला उग्र दर्प, डोळे-घसा जाळणारा; पण उष्णता वाहून नेण्यात त्याची बरोबरी करणारे थोडेच. एक किलो अमोनियाची वाफ होताना तो सुमारे १,३७० किलोज्यूल उष्णता शोषतो. आर-२२ त्याच्या सहाव्या हिश्श्याइतकीच.

कारखान्यात अमोनिया चालला. घरात तो नको वाटला. घरगुती यंत्रांत सल्फर डायऑक्साइड व मिथिल क्लोराइड वापरले जात, आणि गळती झाली की माणसे दगावत. बर्लिनमधील एका कुटुंबाचा असा अंत झाल्याचे वाचून अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी लिओ झिलार्ड यांच्यासह निर्धोक फ्रिजच्या शोधात काही वर्षे घालवली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पण प्रश्न सोडवला तो अमेरिकेत टॉमस मिजली व त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९२८ मध्ये त्यांनी कार्बन, क्लोरिन आणि फ्लोरिन यांच्या संयुगांकडे लक्ष वळवले. १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजली यांनी हा वायू छातीत भरून घेतला आणि हळूच सोडून एक मेणबत्ती विझवली. विषारी नाही, जळत नाही, हे एका फुंकरीत सिद्ध झाले. हाच आर-१२, जगाने त्याला ‘फ्रिऑन’ या व्यापारी नावाने ओळखले. आपल्याकडे गोदरेजचे फ्रिज १९५८ पासून निघू लागले, आणि १९६७ पासून सुरतेस हे वायू तयार होऊ लागले. फ्रिज, पाणी थंड करणाऱ्या टाक्या, आइसक्रीमच्या पेट्या, दुधाच्या थंड खोल्या, सर्वत्र हा शहाणा पाहुणा येऊन बसला. मोठ्या वातानुकूलनात त्याचा धाकटा भाऊ आर-२२ आला.

या पाहुण्याचा दोष जमिनीवर दिसतच नव्हता. तो कशाशीच संयोग पावत नाही, हा त्याचा गुण. आणि म्हणूनच तो नाश न पावता वरच्या वातावरणात पोहोचतो, हा त्याचा दोष. तेथे सूर्याच्या जंबुपार किरणांनी त्यातला क्लोरिन सुटतो, आणि क्लोरिनचा एकेक अणू ओझोनचे सहस्रावधी रेणू मोडतो. १९७४ साली मारिओ मोलिना व शेरवुड रोलंड यांनी हे दाखवून दिले. १९८५ मध्ये जोसेफ फार्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकावरील ओझोनची घट प्रसिद्ध केली. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियलचा करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. आपल्या देशाने २००० साली यासंबंधीचे नियम केले, आणि २०१० उजाडताना आर-१२ चे सामान्य वापरासाठीचे उत्पादन थांबले होते. जगाने एकत्र येऊन एखादी गोष्ट थांबवली आणि तिचा परिणाम दिसू लागला, असे उदाहरण विरळा. ओझोनचे आवरण जगाच्या बहुतेक भागात २०४० च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास पूर्ववत होईल, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०२३ च्या आरंभी मांडला.

आर-२२ मध्ये क्लोरिन कमी, म्हणून त्याला मुदत अधिक मिळाली. विकसनशील देशांनी २०१३ मध्ये त्याचे प्रमाण गोठवले. २०१५ मध्ये १० टक्के, २०२० मध्ये ३५ टक्के आणि २०२५ मध्ये ६७.५ टक्के कपात ठरली. २०३० मध्ये तो संपायचा, आणि दुरुस्तीपुरता अगदी थोडा अंश २०४० पर्यंत चालायचा. आपल्या मेकॅनिकने ‘जुना गॅस महाग झाला’ म्हटले ते यामुळे. पुरवठा कराराने आटत जाणार, तसा भाव चढत जाणार.

येथवरची कथा शेवटाला गेली असे वाटते तोच दुसरा अध्याय सुरू झाला. क्लोरिन काढून टाकून जे नवे वायू केले, उदाहरणार्थ आर-१३४ए, त्यांनी ओझोनला इजा केली नाही. पण ते पृथ्वी तापवण्यात पटाईत निघाले. कार्बन डायऑक्साइडला एक मानले तर शंभर वर्षांच्या हिशेबाने आर-१३४ए ची तापनशक्ती १,४३० आहे, आर-२२ ची १,८१०, आणि शीतगृहांत पुष्कळ चाललेल्या आर-४०४ए ची ३,९२२. यासाठी २०१६ मध्ये किगाली येथे करारात दुरुस्ती झाली आणि भारताने ती २०२१ मध्ये स्वीकारली. आपली या वायूंची मर्यादा २०२८ पासून गोठणार आहे, आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात करायची आहे.

आता मूळ प्रश्न. जुने यंत्र चांगले आहे, त्यातला गॅस मात्र गेला किंवा मिळेनासा झाला. त्याच्या जागी कोणता आणावा? मी या प्रश्नाकडे दत्तकविधानासारखा पाहतो. होळकर संस्थानच्या मुलखात वाढलेल्या आपल्यासारख्यांना दत्तकाचे महत्त्व सांगायला नको. दत्तक घेताना मुलगा गुणी आहे, एवढे पाहून भागत नाही. तो या घराला मानवेल का, आणि हे घर त्याला मानवेल का, हे पाहावे लागते. शीतयंत्राच्या घरात पाहण्यासारख्या गोष्टी मला मुख्यतः पाच दिसतात.

पहिली गोष्ट दाब. प्रत्येक यंत्राच्या नळ्या व कॉम्प्रेसर ठरावीक दाबासाठी घडवलेले असतात. बाजारात पुष्कळ काळ नवीन यंत्रांत आर-४१०ए येत होता, आणि आता आर-३२ येतो. ‘नवा गॅस’ म्हणून कोणी हेच आर-२२ च्या जुन्या यंत्रात भरू म्हणेल, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. त्यांचा दाब आर-२२ च्या दीडपटीहून अधिक असतो. जुने घर तो सोसणार नाही.

दुसरी गोष्ट तेल. कॉम्प्रेसरमधले वंगण शीतकाबरोबर फिरते आणि त्याच्याबरोबरच परत यावे लागते. आर-१२ व आर-२२ यांचे खनिज तेलाशी जमते. आर-१३४ए आणि आर-४०७सी यांचे त्याच्याशी जमत नाही. त्यांना वेगळे कृत्रिम तेल लागते. म्हणून आधीचे तेल काढून नवे घालणे, यंत्र चालवणे, पुन्हा काढणे, असे जुन्या तेलाचा अंश पाच टक्क्यांच्या खाली येईपर्यंत करावे लागते. हे न करता नुसता गॅस बदलला, तर तेल नळ्यांत अडकून राहते आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जळतो. मेकॅनिक म्हणतो गॅस वाईट होता. वस्तुतः सोयरीकच चुकलेली असते.

तिसरी गोष्ट ओलावा आणि धातू. नवे कृत्रिम तेल हवेतली वाफ अधाशासारखे पिते. म्हणून नळ्या उघडल्यावर व्हॅक्यूम पंपाने त्या पूर्ण रित्या करणे आणि ड्रायर बदलणे अपरिहार्य असते. धातूंचेही तसेच. अमोनिया कितीही गुणी असला, तरी तो तांबे-पितळ खातो. तांब्याच्या नळ्यांच्या यंत्रात त्याला दत्तक घेताच येत नाही.

चौथी गोष्ट स्वभाव. काही शीतके एकजिनसी नसतात, मिश्रणे असतात. आर-२२ च्या जागी पुष्कळदा सुचवला जाणारा आर-४०७सी हा तीन वायूंचे मिश्रण आहे. त्याचा दाब आर-२२ च्या जवळपास, म्हणून तो घराला मानवतो. पण त्याचे घटक एकाच तपमानाला उकळत नाहीत. तो सिलिंडरमधून द्रवरूपातच भरावा लागतो. वायुरूपात भरला तर आधी उडणारा घटक अधिक जातो आणि मिश्रण बिघडते. गळती झाली तरी तेच. मग वरून थोडासा भरून भागेल याची खात्री राहत नाही. जुने तेल न काढता चालतील अशी आर-४२२डी सारखी मिश्रणेही मिळतात. ती सोयीची खरी, पण थंडावा थोडा कमी देतात, आणि त्यांची तापनशक्ती, सुमारे २,७३०, खुद्द आर-२२ पेक्षा अधिक आहे. म्हणजे ओझोनचे पाप टाळून तापाचे पाप पदरी घ्यायचे.

पाचवी गोष्ट आग आणि विष. तिच्याविषयी सांगताना मला घरात जावे लागेल.

आमच्या वडिलांनी १९७८ साली सांवेरला दुग्धालय काढले. मागच्या बाजूला एक थंड खोली बांधली. तिचे यंत्र आर-१२ वर चाले, आणि पंचवीस वर्षे त्याने कुरकुर केली नाही. लग्नसराईत त्या खोलीत श्रीखंडाचा चक्का, मावा आणि दुधाचे कॅन दाटीवाटीने असत. मी शिकून प्राध्यापक झालो. दुग्धालय धाकट्या भावाने सांभाळले. २००४ च्या उन्हाळ्यात यंत्रातला गॅस गेला. आर-१२ तेव्हा मिळे, पण भाव चढलेला. आमचा नेहमीचा मेकॅनिक, ज्याला आम्ही घरच्यासारखाच मानत असू, म्हणाला, “बाबूजी, स्वयंपाकाचा गॅस भरून देतो, अगदी तसाच चालतो.” वडिलांनी विचारले, “थंड होईल ना?” तो म्हणाला, “पहिल्यापेक्षा चांगले.” वडील म्हणाले, “मग झाले.”

आणि खरोखरच तसे झाले. स्वयंपाकाच्या गॅसमधील प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण दाबाने आर-१२ च्या जवळ येते; खनिज तेलाशीही त्याचे उत्तम जमते. सात-आठ महिने यंत्र असे चालले की वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला खोलीचा थंडावा दाखवीत. मग एका पहाटे भाऊ खोली उघडायला गेला. आत वास येत होता. नळीच्या जोडातून रात्रभर गॅस झिरपून जमिनीलगत साठला होता. दार उघडे ठेवून तो वास कोठून येतो ते वाकून शोधू लागला. उघड्या दारातून उकाडा आत शिरला, तसा थर्मोस्टॅटने आपले नेहमीचे काम केले. खटका पडला, ठिणगी उडाली. कोणी काडी ओढली नव्हती, बटनाला हात लावला नव्हता.

भाऊ वाचला. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. उजव्या हाताची दोन बोटे आजही सरळ होत नाहीत. तो आज या सभागृहात बसला आहे, आणि त्याची परवानगी घेऊनच मी हे सांगत आहे. वडील त्यानंतर चार वर्षे होते. त्या खोलीकडे ते पुन्हा फिरकले नाहीत. “मी एकच प्रश्न विचारला,” असे ते एकदा मला म्हणाले. त्यावर काय बोलावे, हे मला तेव्हाही सुचले नाही.

पुढे वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली आणि मी चक्रावलो. आमचे घर जाळणारा जो पदार्थ, त्याच जातीचा शुद्ध पदार्थ आज घरोघरच्या फ्रिजमध्ये आहे. नव्या फ्रिजमध्ये बहुधा आर-६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन. गोदरेजने २०१२ पासून प्रोपेनवर, म्हणजे आर-२९० वर, चालणारी वातानुकूलन यंत्रेही काढली. त्यांची तापनशक्ती नगण्य आहे. मग आमच्याकडे चुकले काय? गॅस चुकला नव्हता. घर तयार नव्हते. नव्या फ्रिजमध्ये तो काही दशक ग्रॅम असतो, आमच्या यंत्रात तो तीन किलो होता. नव्या यंत्रात ठिणगी पडणारे भाग बंदिस्त किंवा वेगळे असतात, आमचा थर्मोस्टॅट उघडा भिंतीवर होता. नव्या यंत्रात शुद्ध शीतक असते, आमच्याकडे चुलीचे इंधन होते. ज्या यंत्राचा जन्मच ज्वालाग्राही शीतकासाठी झाला त्यात ते निर्धोक. ज्याचा जन्म न जळणाऱ्या शीतकासाठी झाला, त्यात ते घातक. त्या मेकॅनिकला मी दोष देत नाही. त्याला जे कोणी शिकवले नव्हते, ते त्याने विचारायचे तरी कोणाला? दोष एका प्रश्नावर थांबण्याचा होता.

थंडावा ही चैनीची वस्तू आहे, असे अजूनही काही जण मानतात. त्यांनी भोपाळ आठवावे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ज्या टाकीतून विषारी वायू सुटला, ती थंड ठेवण्यासाठी शीतयंत्रणा होती. पण त्या वर्षीच्या जूनपासूनच ती बंद ठेवली होती, आणि तीतले शीतकही काढून घेतले होते. त्या अनर्थाची कारणे अनेक होती, पण हे त्यांपैकी एक. कोणीतरी हिशेब केला असेल की एवढ्यावाचून अडत नाही.

आता आमच्या सांवेरच्या बटाट्याविषयी दोन शब्द. आमच्या भागात फेब्रुवारी-मार्चमध्ये बटाटा निघतो आणि बियाणे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या लावणीपर्यंत शीतगृहात ठेवावे लागते. बियाण्याला २ ते ४ अंश लागतात. वेफर्सच्या बटाट्याला १० ते १२, कारण अधिक थंडीत त्यातल्या पिष्टाची साखर होते आणि तळताना वेफर काळा पडतो. आपल्याकडची बटाट्याची मोठी शीतगृहे प्रामुख्याने अमोनियावर चालतात. तेथील काही तरुण मालक मला विचारतात, सर, हा जुनाट वायू काढून नवा आणावा का? मी म्हणतो, या एका घरात दत्तकाची गरजच नाही, थोरला मुलगा हयात आहे. अमोनिया ओझोन मोडत नाही, पृथ्वी तापवत नाही, कोणत्याही करारात त्याला मुदत नाही. मात्र तो रागीट आहे. जुन्या व्हॉल्व्हची व नळ्यांची तपासणी, दर्शक यंत्र, मुखवटे, पाण्याचा फवारा, वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर पडायची वाट आणि कामगारांची वर्षातून एकदा तालीम, एवढे त्याचे मानपान आहे. त्यात कसूर झाली तर तो माणसे मारतो, हेही तितकेच खरे. त्याचा वास मात्र फार आधी सावध करतो. मिजलींच्या बिनवासाच्या सज्जन वायूने आपल्याला पन्नास वर्षे काहीच कळू दिले नव्हते.

शेवटी आपल्या ग्रंथालयाच्या दोन यंत्रांकडे येतो. मंडळाने मत विचारले आहे, म्हणून स्पष्ट सांगतो.

ज्या यंत्रातला गॅस गेला आहे, तो कोठून गेला हे आधी शोधावे. शीतक वापराने संपत नाही. ते गळाल्याशिवाय कमी होत नाही. नायट्रोजनचा दाब देऊन गळती सापडली व ती सांध्यात असली, तर सांधा डाकून त्यात आर-२२ च भरावा. तो अद्याप दुरुस्तीसाठी मिळतो, आणि एकदा बंदिस्त केला की वर्षानुवर्षे टिकतो. भाव चढा आहे, हे कबूल. पण किलोच्या आतबाहेरच तो लागेल. गळती आतल्या गुंडाळीत असली किंवा कॉम्प्रेसर दमला असला, तर जुन्या घराला नवा मुलगा शोधत बसू नये. तेल बदला, ड्रायर बदला, नवे मिश्रण भरा, एवढा खर्च मरणपंथाला लागलेल्या यंत्रावर करण्यापेक्षा कमी वीज खाणारे नवे यंत्र घ्यावे. दुसरे यंत्र नीट चालते आहे. त्याला हात लावू नये. चालत्या यंत्रातला गॅस केवळ जुना आहे म्हणून बदलणे यात शहाणपण नाही.

एक विनंती मात्र आग्रहाची. भंगारवाला यंत्र नेताना नळी कापतो आणि फुस्स आवाज होतो, तो होऊ देऊ नये. उरलेला एक किलो आर-२२ हवेत सुटला, तर तो १,८१० किलो कार्बन डायऑक्साइडइतके काम करतो. शीतक सिलिंडरमध्ये परत काढून घेणारा मेकॅनिक शोधावा आणि त्याची मजुरी कुरकुर न करता द्यावी. शताब्दीच्या खर्चात ही रक्कम दिसणारही नाही.

आणि ग्रंथांविषयी. पोथ्यांना थंडीपेक्षा स्थैर्य प्रिय असते. दिवसा यंत्र लावून रात्री बंद केले, तर कागद रोज फुगतो आणि आकसतो. पावसाळ्यात यंत्राचा खरा उपयोग थंडाव्यापेक्षा हवेतला ओलावा काढण्याचा असतो. गच्चीला दर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा हात, पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा, भिंतीपासून वीतभर दूर कपाटे, एवढे केले तरी यंत्रावरचा भार हलका व्हावा. आपल्या पूर्वजांनी या इमारतीच्या भिंती जाड बांधल्या आणि छत उंच ठेवले, ते काही हौसेखातर नव्हे.

श्रोतेहो, शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी हे ग्रंथालय काढले, त्यांच्यापुढे पंखाही नव्हता. त्यांनी जमवलेले ग्रंथ आपल्याकडे आले आहेत, आणि आपल्या हातून पुढच्यांकडे जायचे आहेत. यंत्रे येतील-जातील, गॅसचे क्रमांक बदलत राहतील. आर-३२ ची तापनशक्ती ६७५ आहे, तेव्हा तोही कधीतरी मागे पडेलच. प्रत्येक वेळी कोणीतरी दारात येऊन सांगेल की हा अगदी तसाच चालतो. त्या वेळी मंडळाने त्याला बसायला द्यावे, चहा द्यावा, आणि दाब, तेल, ओलावा, स्वभाव व आग या पाच गोष्टी विचाराव्यात. ‘थंड होईल ना?’ हा प्रश्न सहावा ठेवावा.